फायलो फार्न्सवर्थ : नांगराच्या तासांत टीव्ही पाहणारा मुलगा आणि लिनक्सवर ‘फाटणारी’ स्क्रीन

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, वायफाय चाललं, साउंड चालला, सगळं मस्त. मग ब्राउझरमध्ये एखादं पेज भरभर स्क्रोल केलं किंवा क्रिकेटची क्लिप लावली, आणि स्क्रीनच्या मधोमध एक आडवी चीर दिसली. चिरेच्या वरचं चित्र अजून मागेच, खालचं पुढे गेलेलं. बॅट्समनचं डोकं एकीकडे, पाय दुसरीकडे. याला म्हणतात स्क्रीन टिअरिंग. लिनक्सवर नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ते कधी ना कधी भेटतं.

यावरचे उपाय पुढे दिले आहेत, घाई असेल तर खाली जा. पण आधी एक प्रश्न. मॉनिटरवर ही चीर नेहमी आडवीच का असते? उभी, तिरकी किंवा गोल का नाही? कारण स्क्रीनवरचं चित्र एकदम उमटत नाही. ते वरून खाली, एकेक ओळ करत भरलं जातं. तुमच्या हातातल्या फोनचीही हीच पद्धत आहे. चित्राचे असे आडवे तास पाडून ते इलेक्ट्रॉनच्या मदतीने पाठवायचं आणि पलीकडे पुन्हा जुळवायचं, हे ज्याने प्रत्यक्ष चालवून दाखवलं त्याचं नाव फायलो टेलर फार्न्सवर्थ. ही कल्पना त्याला सुचली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

घोड्यांमागे चालताना

फायलोचा जन्म १९ ऑगस्ट १९०६ चा. अमेरिकेतल्या युटा राज्यात बीव्हर गावाजवळ, आजोबांनी बांधलेल्या लाकडी ओंडक्यांच्या घरात. शेतकरी कुटुंब, मॉर्मन पंथाचं. तो साधारण बारा वर्षांचा असताना सगळे आयडाहो राज्यातल्या रिग्बीजवळ नातेवाइकांच्या शेतावर राहायला आले. या घरात वीज होती, स्वतःच्या जनरेटरची. फायलोने वीज घरात अशी पहिल्यांदाच पाहिली.

जनरेटर वरचेवर बंद पडायचा. दुरुस्तीला आलेल्या माणसाकडे बघून बघून फायलो शिकला आणि मग घरातला मेकॅनिक तोच झाला. आईचं हाताने फिरवायचं कपडे धुण्याचं यंत्र त्याने मोटर लावून विजेवर आणलं. माळ्यावर आधीच्या कोणीतरी ठेवलेला विज्ञान मासिकांचा गठ्ठा सापडला. तो त्याने अक्षरशः पाठ केला. एका मासिकाच्या स्पर्धेत गाडी चोरीला जाऊ नये म्हणून चुंबकीय कुलपाची कल्पना पाठवून २५ डॉलरचं बक्षीसही मिळवलं. यूट्यूब नाही, कोर्स नाही, जवळपास विचारायला इंजिनिअर नाही. फक्त मासिकं आणि बिघडणारा जनरेटर.

त्याच मासिकांतून त्याला कळलं की दूरवर चित्र पाठवण्याचे प्रयोग चालू आहेत. तेव्हाचे बहुतेक प्रयोग फिरत्या चकतीवर चालायचे. जर्मनीत पॉल निपकोने १८८४ मध्ये ही चकती सुचवली होती. चकतीवर गोलाकार जिन्यासारखी भोकं, चकती फिरली की प्रत्येक भोक चित्राची एक ओळ ‘वाचणार’. कल्पना छान होती, पण बारीक चित्रासाठी जास्त ओळी हव्यात, जास्त ओळींसाठी जास्त भोकं, आणि मग चकती इतक्या वेगाने फिरवायची की यंत्रच साथ देईना. फायलोला हे पटकन उमगलं. फिरणारा धातू चालणार नाही, चित्र वाचायचं तर इलेक्ट्रॉननेच वाचावं लागेल. इलेक्ट्रॉनला जवळजवळ वजन नाही, चुंबकाने तो हवा तिकडे वळवता येतो.

आता अडचण अशी की पूर्ण चित्र एका तारेतून जाणार कसं? तारेतून एका क्षणाला एकच आकडा जातो : प्रकाश किती. फायलोच्या घरच्यांनी पुढे अनेकदा सांगितलेली गोष्ट अशी : १९२१ च्या उन्हाळ्यात तो घोड्यांच्या मागे शेत कसत होता. एका टोकाला थांबून त्याने मागे वळून पाहिलं. एकाखाली एक, सरळ रेषेत, शेतभर पडलेले तास. चित्रही असंच कसता येईल, एका वेळी एक ठिपका, एका तासामागे दुसरा, आणि इतक्या झपाट्याने की डोळ्याला ते अख्खं दिसावं.

आपल्याकडे नांगरणी पाहिलेल्यांना एक फरक जाणवेल. नांगर बांधाला पोचला की वळतो आणि परतीच्या वाटेवरही तास पाडतो. टीव्हीचा इलेक्ट्रॉन तसं करत नाही. ओळ संपली की तो काही न रेखाटता झटकन डावीकडे परततो आणि पुढची ओळ सुरू करतो. शेवटची ओळ संपली की तसाच, कोरा, अगदी वरच्या कोपऱ्यात जातो. हा कोरा परतीचा प्रवास लक्षात ठेवा. लिनक्सवरच्या टिअरिंगचा सगळा इलाज त्यातच आहे.

१९२२ मध्ये रिग्बीच्या हायस्कूलमध्ये फायलोने केमिस्ट्रीचे शिक्षक जस्टिन टॉलमन यांना ही कल्पना फळ्यावर आकृत्या काढून समजावली. एका आकृतीचा वहीचा कागदही त्यांना दिला. टॉलमन सरांना सगळं कळलं असेल की नाही माहीत नाही, पण त्यांनी मुलाला हसण्यावारी नेलं नाही आणि तो कागद जपून ठेवला. या कागदाची गरज बारा वर्षांनी पडणार होती.

पहिली रेषा

पुढची काही वर्षं ओढाताणीची होती. कुटुंब युटातल्या प्रोव्होला गेलं, फायलोने विद्यापीठात वर्ग सुरू केले आणि जानेवारी १९२४ मध्ये वडील न्यूमोनियाने गेले. सतराव्या वर्षी घरचा भार अंगावर आला. तो थोडे दिवस नौदलात जाऊन परत आला आणि पडेल ते काम करत राहिला. पदवी राहूनच गेली.

१९२६ मध्ये सॉल्ट लेक सिटीत त्याची गाठ जॉर्ज एव्हरसन आणि लेस्ली गोरेल या दोघांशी पडली. ते धर्मादाय संस्थांसाठी निधी गोळा करायचे. बोलता बोलता पोराने टीव्हीची कल्पना सांगितली आणि या दोघांनी ६,००० डॉलर काढून दिले. आजच्या भाषेत ही सीड फंडिंग. त्याच वर्षी मे महिन्यात फायलोचं एल्मा गार्डनरशी, म्हणजे पेमशी, लग्न झालं आणि दोघं लॉस एंजेलिसला आले. पेमने पुढे सांगितलेला एक किस्सा आहे : खिडक्यांचे पडदे कायम ओढलेले आणि घरात काचेच्या विचित्र नळ्या, त्यामुळे शेजाऱ्यांना संशय आला. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. पोलीस आले ते हातभट्टी शोधायला.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या बँकवाल्या मंडळींनी २५,००० डॉलर दिले आणि २०२ ग्रीन स्ट्रीटवर लॅब उभी राहिली. पेम तिथे कामाला होती, आकृत्या काढणं, वेल्डिंग, पडेल ते. तिचा भाऊ क्लिफ काच फुंकायला शिकला. हव्या त्या आकाराची काचेची नळी विकत मिळतच नव्हती, त्यामुळे प्रत्येक नळी त्याने हाताने घडवली. ७ जानेवारी १९२७ ला पेटंटचा अर्ज गेला.

त्यांचा कॅमेरा म्हणजे ‘इमेज डिसेक्टर’, चित्राचे तुकडे करणारी नळी. पुढच्या काचेतून दृश्य एका पातळ थरावर पडायचं. प्रकाश पडला की तो थर इलेक्ट्रॉन सोडायचा. जिथे उजेड जास्त तिथून जास्त, जिथे अंधार तिथून कमी. म्हणजे प्रकाशाच्या चित्राचं इलेक्ट्रॉनचं चित्र तयार व्हायचं. नळीच्या दुसऱ्या टोकाला एक बारीक छिद्र. बाहेरच्या कॉइलच्या चुंबकाने हे अख्खं इलेक्ट्रॉनचं चित्र त्या छिद्रासमोरून डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ, सरकवायचं. छिद्रातून ज्या क्षणी जेवढे इलेक्ट्रॉन आत येतील तेवढा त्या ठिपक्याचा उजेड. नांगर एका जागी, शेतच सरकतंय, असा तो उलटा खेळ.

७ सप्टेंबर १९२७. एका खोलीत क्लिफने काचेची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली, तिच्यावर फक्त एक सरळ रेषा. दुसऱ्या खोलीत फायलो, पेम आणि एव्हरसन एका छोट्या गोल पडद्याकडे बघत होते. रेषा उमटली. क्लिफने पट्टी फिरवली, पडद्यावरची रेषाही फिरली. फायलोचं वय २१.

पैसे देणाऱ्यांना रेषेत काय रस? त्यांना आपले डॉलर कधी दिसणार हे हवं होतं. म्हणून १९२८ मध्ये फायलोने त्यांना पडद्यावर खरंच डॉलरचं चिन्ह दाखवलं. १९२९ मध्ये सिस्टिममधला शेवटचा फिरणारा भाग, मोटर-जनरेटर, निघाला आणि पेमचा चेहरा पडद्यावर आला. त्या चित्रात तिचे डोळे मिटलेले आहेत. डिसेक्टरला उजेड प्रचंड लागायचा, दिव्यांसमोर डोळे उघडे ठेवणंच शक्य नव्हतं. ही त्या नळीची मोठी उणीव होती : छिद्रासमोर नसलेल्या भागाचे इलेक्ट्रॉन साठत नव्हते, वाया जात होते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. इंटरनेटवर फार्न्सवर्थला टीव्हीचा एकमेव जनक करून टाकतात, ते बरोबर नाही. चित्र दाखवणारी कॅथोड रे ट्यूब जर्मनीच्या कार्ल फर्डिनंड ब्राउन यांनी १८९७ मध्येच बनवली होती. ब्रिटनमध्ये कॅम्पबेल स्विंटन यांनी १९०८ मध्ये दोन्ही बाजूंना अशा ट्यूब वापरण्याची कल्पना मांडली होती. जॉन लोगी बेअर्डने जानेवारी १९२६ मध्ये लंडनमध्ये चकतीचा टीव्ही दाखवला. जपानमध्ये केन्जिरो ताकायानागी यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक जपानी अक्षर इलेक्ट्रॉनिक पडद्यावर आणलं, पण त्यांचा कॅमेरा चकतीचा होता. फार्न्सवर्थने कॅमेरा आणि पडदा, दोन्ही बाजू इलेक्ट्रॉनिक करून चालवून दाखवल्या. त्याचं मोठेपण यात आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

रेषा जुळली नाही की स्क्रीन फाटते

कॅमेरा सातवी ओळ वाचत असताना पडदा नववी काढत असेल, तर चित्राचा चिवडा होणार. म्हणून पहिल्या दिवसापासून टीव्हीची खरी लढाई होती दोन टोकांना एका ठेक्यात ठेवण्याची. कोऱ्या परतीच्या वेळात सिग्नलमध्ये ठेका देणारे ठोके टाकले जातात : ओळ संपली, आता परत ये, चित्र संपलं, आता वर जा. चित्र संपल्यानंतरच्या त्या मोकळ्या वेळेला आजही व्हर्टिकल ब्लँकिंग किंवा थोडक्यात व्हीब्लँक म्हणतात.

आजच्या एलसीडी किंवा ओलेडमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत नाही, मग परत जायला वेळ कुणाला हवा? तरीही तो वेळ केबलमधून अजून जातोच. तुमचा फुल एचडी मॉनिटर १०८० ओळींचा, पण ६० हर्ट्झच्या प्रमाणित सिग्नलमध्ये ओळी मोजल्या तर निघतात ११२५. वरच्या ४५ ओळी कोऱ्या. एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यातला जवळपास ०.६७ मिलिसेकंद हा कोरा वेळ. आणि हा ६० आकडाही त्याच काळातून आलाय : अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथला टीव्हीही त्याच ठेक्यावर बांधला गेला. आपली वीज ५० हर्ट्झची आणि जुना टीव्हीही ५० चा, पण आपले मॉनिटर मात्र अमेरिकेच्या विजेवर चालल्यासारखे.

आता कंप्युटरमध्ये काय होतं बघा. ग्राफिक्स चिप चित्र मेमरीत लिहिते, त्या जागेला फ्रेमबफर म्हणतात. डिस्प्लेचं सर्किट तीच मेमरी वरून खाली, ओळीने वाचत मॉनिटरला पाठवतं. वाचणारा पाचशेव्या ओळीवर आहे आणि नेमकं तेव्हाच नवीन चित्र आलं, की वरच्या पाचशे ओळी जुन्या फ्रेमच्या, खालच्या नव्या. हीच ती चीर. इलाज एका वाक्याचा : नवीन चित्र बाजूला दुसऱ्या बफरमध्ये पूर्ण तयार करा आणि बदली फक्त व्हीब्लँकमध्ये करा, वाचणारा वर परतत असताना. व्हीसिंक म्हणजे एवढंच.

फोनवर चीर का दिसत नाही? कारण अँड्रॉइडवर कुठलंही अ‍ॅप थेट स्क्रीनवर लिहीत नाही. मधला एक प्रोग्राम सगळ्यांची चित्रं गोळा करतो, एकत्र करतो आणि ठेक्यावर स्क्रीनला देतो. २०१२ च्या अँड्रॉइड ४.१ मध्ये ‘प्रोजेक्ट बटर’ नावाने हा ठेका सगळ्या ड्रॉइंगला आणि अ‍ॅनिमेशनला लावला गेला. जुने अँड्रॉइड वापरलेल्यांना तो फरक आठवत असेल.

लिनक्सवर गोष्ट वेगळी, कारण तिथे बराच काळ राज्य होतं एक्स विंडो सिस्टिमचं. एक्सची सुरुवात १९८४ ची, एमआयटीमधली. त्या काळच्या विचारानुसार प्रत्येक प्रोग्रामने एकाच समाईक पडद्यावर आपापल्या खिडकीत लिहायचं. मध्ये सगळं जुळवणारा कंपोझिटर नंतर जोडला गेला आणि तो नसला तरी एक्स चालतं. म्हणून चीर.

आता हाताने करायचं काम. आधी निदान : चीर दिसतेय तेव्हा स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीनशॉट मेमरीतून घेतला जातो, त्यामुळे त्यात चित्र नीट आलं तर घोळ मेमरीतून मॉनिटरकडे जाताना होतोय, म्हणजे खालचे उपाय लागू. स्क्रीनशॉटमध्येही चीर असेल तर दोष त्या अ‍ॅपचा किंवा व्हिडिओ फाइलचा.

मग सेटिंग्जमध्ये सिस्टिमची माहिती उघडा. नोममध्ये ‘विंडोइंग सिस्टिम’च्या पुढे एक्स११ आहे की वेलँड ते लिहिलेलं असतं. एक्स११ असेल तर लॉगआउट करा आणि लॉगिन स्क्रीनवरच्या गिअरच्या चिन्हात वेलँड दिसतंय का बघा. दिसलं तर तेच निवडा. बहुतेकांचं काम इथेच संपतं, कारण वेलँडमध्ये कंपोझिटर ऐच्छिक नाही, तोच मुळाशी आहे. अर्धवट फ्रेम दाखवायची नाही हे त्याचं पहिल्यापासूनचं धोरण. (गेमवाल्यांना मात्र उशिरापेक्षा चीर परवडते, म्हणून २०२२ च्या शेवटी वेलँडमध्ये मुद्दाम चीर चालवून घेण्याची परवानगी मागायची सोय आली!)

एक्स११ सोडता येत नसेल, तर आधी कंपोझिटर चालू आहे का पाहा. एक्सएफसीईमध्ये ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये कंपोझिटरचा वेगळा टॅब आहे. ज्या हलक्या डेस्कटॉपला स्वतःचा कंपोझिटर नाही तिथे पिकॉम टाका आणि त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये व्हीसिंक चालू करा. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये ‘टिअरफ्री’ नावाचा पर्याय आहे, इंटेलच्या जुन्या स्वतंत्र ड्रायव्हरमध्येही होता. एक्सच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये छोटी फाइल करून, डिव्हाइसच्या भागात तो चालू करायचा. थोडी मेमरी आणि किंचित उशीर एवढीच किंमत. एनव्हिडिया असेल तर त्यांच्या सेटिंग्ज अ‍ॅपमध्ये डिस्प्लेच्या पानावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबा आणि ‘फोर्स फुल कंपोझिशन पाइपलाइन’वर टिक करा. एनव्हिडियावर वेलँड पूर्वी खूप लुकलुकायचं. २०२४ च्या ५५५ ड्रायव्हरपासून ते बरंच सुधारलंय, त्यामुळे जुना अनुभव धरून बसू नका.

दोन मॉनिटर, एक ६० हर्ट्झचा आणि एक १४४ चा, असं असेल तर एक्स११ वर फार वेळ घालवू नका असं माझं मत. तिथे ठेका सहसा एकाच मॉनिटरचा धरला जातो, दुसरा फाटतो. आणि चीर नाही पण लॅपटॉपची स्क्रीन मधूनच लुकलुकते, विशेषतः इंटेल चिपवर, तर तो वेगळा आजार : पॅनल सेल्फ रिफ्रेश. चित्र हलत नसताना पॅनल स्वतःच्या मेमरीतूनच ते दाखवत बसतो, बॅटरी वाचवायला. काही पॅनलवर हे नीट जमत नाही. बूटच्या वेळी कर्नलला आय९१५ ड्रायव्हरचा पीएसआर पर्याय शून्य करायला सांगितलं की सहसा थांबतं.

गेमिंग मॉनिटरची फ्रीसिंक पद्धतही या मोकळ्या वेळेवरच उभी आहे. पुढची फ्रेम तयार नसेल तर मॉनिटर कोऱ्या वेळेतच थांबून राहतो. म्हणजे व्हीब्लँक रबरासारखा ताणायचा.

कंपनी विरुद्ध शेतकऱ्याचा मुलगा

आता पुन्हा ग्रीन स्ट्रीटवर. एप्रिल १९३० मध्ये लॅबमध्ये एक पाहुणा आला, व्लादिमिर झ्वॉरिकिन. रशियातून आलेला, अत्यंत हुशार इंजिनिअर, आणि रेडिओ क्षेत्रातली सर्वांत मोठी कंपनी आरसीए त्याला टीव्हीच्या कामासाठी घेत होती. फार्न्सवर्थने त्याला मोकळेपणाने सगळं दाखवलं. गुंतवणूकदारांना वाटत होतं, यातून पैसे येतील. त्याच ऑगस्टमध्ये फार्न्सवर्थचं पेटंट मंजूर झालं. १९३१ मध्ये आरसीएचे प्रमुख डेव्हिड सारनॉफ यांनी लॅब पाहिली आणि एक लाख डॉलरमध्ये सगळं विकत मागितलं. फार्न्सवर्थने नकार दिला. त्याला पेटंट विकायचं नव्हतं, वापराचं लायसन्स द्यायचं होतं. आरसीएला मात्र दुसऱ्याला रॉयल्टी द्यायची सवयच नव्हती.

तो फिलाडेल्फियात फिल्को या रेडिओ कंपनीकडे गेला. तिथे १९३२ मध्ये त्यांचं लहान बाळ, केनेथ, घशाच्या संसर्गाने गेलं. तेव्हा पेनिसिलिन मिळत नव्हतं. बाळाला घेऊन पेम एकटीच ट्रेनने युटाला गेली.

त्याच वर्षी पेटंट ऑफिससमोर वाद उभा राहिला. आरसीएचं म्हणणं, झ्वॉरिकिनचा अर्ज १९२३ चा, म्हणजे हक्क आमचा. फार्न्सवर्थच्या वकिलांनी रिग्बीचे टॉलमन सर शोधून काढले. सरांनी साक्ष दिली, बारा वर्षांपूर्वी फळ्यावर पाहिलेली आकृती आठवून काढून दाखवली आणि जपून ठेवलेला वहीचा कागदही पुढे केला. हा प्रसंग इतका सिनेमासारखा आहे की सगळे लेख इथेच निकाल लावून टाकतात. प्रत्यक्षात निकालाचं मुख्य कारण रुक्ष होतं : १९२३ च्या अर्जातली रचना त्या काळी खरंच चालत होती, हे आरसीएला सिद्ध करता आलं नाही. फार्न्सवर्थ जिंकला, आरसीएचं अपीलही टिकलं नाही. ऑगस्ट १९३४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने लोकांसमोर टीव्ही दाखवला.

जिंकला खरा, पण वेळ हरला. पेटंटची मुदत सतरा वर्षं. त्यातली बरीचशी कोर्टकज्जात गेली. झ्वॉरिकिनचा आयकॉनोस्कोप चार्ज साठवत असल्यामुळे कमी उजेडातही चालायचा. कॅमेरा म्हणून तो सरस होता, हे कबूल करायला हवं. एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आरसीएने टीव्ही गाजावाजा करून आणला आणि लोकांच्या मनात टीव्ही म्हणजे आरसीए झालं. त्याच सप्टेंबरमध्ये आरसीएने लायसन्स घेतलं, दहा वर्षांत दहा लाख डॉलर. पण अमेरिका युद्धात उतरली, टीव्हीचं उत्पादन थांबलं, आणि युद्ध संपून टीव्ही घराघरांत शिरायला लागला तोवर १९४७ मध्ये मूळ पेटंटांची मुदत संपली होती.

या सगळ्यात माणूस खचला. दारू, नैराश्य, आजारपण. १९४७ मध्ये मेन राज्यातलं घरही आगीत जळालं. त्याची फोर्ट वेनची कंपनी १९४९ मध्ये आयटीटीने घेतली. तिथे तो काम करत राहिला. साठच्या दशकात त्याने फ्यूजर बनवला, विद्युत क्षेत्राच्या जोरावर अणू एकमेकांवर आदळून फ्यूजन घडवणारं यंत्र. त्यातून वीज निघाली नाही, जेवढी घालावी त्याहून कितीतरी कमी मिळते. पण हौशी लोक आजही घरी फ्यूजर बांधतात. आणि कमी उजेडात नापास झालेला डिसेक्टर अवकाशयानांत ताऱ्यांवर नजर ठेवण्याच्या कामी आला.

१९५७ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही शोमध्ये तो पाहुणा म्हणून आला. पॅनलने प्रश्न विचारून त्याचं गुपित ओळखायचं होतं. गुपित हे की यानेच चौदाव्या वर्षी इलेक्ट्रॉनिक टीव्ही शोधला. कुणालाच ओळखता आलं नाही. बक्षीस म्हणून ८० डॉलर आणि सिगारेटचा एक खोका मिळाला.

जुलै १९६९ मध्ये फायलो आणि पेम यांनी घरी टीव्हीवर चंद्रावरचं पाऊल पाहिलं. पेमच्या आठवणीनुसार, त्या रात्री तो म्हणाला की एवढ्या सगळ्या त्रासाचं आज सार्थक झालं. त्यामागचं तंत्र तुम्हाला आता ओळखीचं वाटेल. चंद्रावरचा कॅमेरा सेकंदाला फक्त १० फ्रेम पाठवायचा, ३२० ओळींच्या. घरचे टीव्ही वेगळ्या ठेक्याचे, ५२५ ओळींचे. तसंच दाखवलं असतं तर काहीच जुळलं नसतं. म्हणून पृथ्वीवरच्या स्टेशनात आलेलं चित्र आधी एका मॉनिटरवर दाखवून दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपलं जायचं, चुंबकीय डिस्कवर साठवलं जायचं आणि पुढचं चित्र पूर्ण येईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा दाखवलं जायचं. अर्धवट फ्रेम बाहेर सोडायची नाही, हेच तिथेही. ही यंत्रं बनवली होती आरसीएने.

११ मार्च १९७१ ला फार्न्सवर्थ सॉल्ट लेक सिटीजवळ न्यूमोनियाने गेला, ६४ व्या वर्षी. मुंबई दूरदर्शन सुरू झालं त्यानंतर दीड वर्षाने, २ ऑक्टोबर १९७२ ला. नवऱ्याचं नाव पुस्तकांत यावं म्हणून पेम पुढची पस्तीस वर्षं भांडत राहिली. १९८३ मध्ये त्याच्या नावाचं टपाल तिकीट निघालं, १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटल इमारतीत युटाच्या वतीने त्याचा पुतळा बसला. पुतळ्याच्या हातात इमेज डिसेक्टरची नळी आहे. पेम २००६ मध्ये गेली.